चारीच्या दाराची किल्ली कोणाकडे?

ओझरच्या शेतकऱ्यांनी पाण्याचा कारभार हाती घेतला, त्यातून गावाने आणि शहराने काय शिकावे?

गावात एक दिवस पांढरी गाडी येते. ग्रामपंचायतीपुढे उभी राहते. दोन साहेब उतरतात, टेबलावर नकाशा पसरतात. नकाशावर रंगीत पट्टे असतात. त्यात आपली विहीर कोठे आणि आपला बांध कोठे, हे शोधण्यातच अर्धा तास जातो. साहेब बोलायला गोड असतात. "योजना तुमच्याच भल्याची आहे," असे सांगतात. शेवटी हजर असल्याच्या सहीचा कागद पुढे येतो. मंडळी सह्या करतात, चहा होतो, गाडी निघून जाते. पुढे वर्षभराने कोणीतरी कचेरीतून बातमी आणतो की, त्या कागदाच्या माथ्यावर 'ग्रामस्थांशी विचारविनिमय झाला' असे लिहिलेले आहे.

वाचकहो, हा प्रसंग कोणा एका गावाचा नाही. धरण, रस्ता, कारखाना, वीजवाहिनी, नवे शहर, निमित्त कोणतेही असो, थोड्याफार फरकाने तो सगळीकडे घडतो. अलीकडे तर 'लोकसहभाग' हा शब्द प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असतो. पण सहभाग म्हणजे नेमके काय? पंक्तीत बसायला मिळणे म्हणजे सहभाग, की वाढप्याचा डाव हाती असणे म्हणजे सहभाग?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यातील ओझर गावच्या शेतकऱ्यांनी ते गेल्या तीन-साडेतीन दशकांत आपल्या करणीने दिलेले आहे. आणि ओझरपासून विसेक किलोमीटरवर, खुद्द नाशिक शहराच्या हद्दीत, त्याच प्रश्नाची दुसरी बाजूही पाहायला मिळते.

बाणगंगेकाठचे गाव

निफाड तालुक्यातील ओझर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. तांबटांची वस्ती म्हणून जुने लोक त्याला 'ओझर तांबट' म्हणत. चंपाषष्ठीला येथे खंडेरायाची यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात, पंचक्रोशी लोटते. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना आला आणि 'ओझर मिग' हे नाव देशभर गेले.

पण विमानाच्या गावाचे खरे जगणे जमिनीवरच होते. गावाजवळून बाणगंगा नदी वाहते. काळी जमीन, बागायतीची हौस, पुढे द्राक्षाचे वेड. आणि दुखणे एकच, पाणी.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण बांधले गेले. मध्यम आकाराचे धरण. त्याच्या लाभक्षेत्राच्या नकाशात ओझरचे शिवारही होते. परंतु ओझर पडले कालव्याच्या शेपटाला. शेपटाला असणे म्हणजे काय, हे पाटपाण्याच्या गावात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. पाट वरून सुटतो. वरचे शेतकरी आधी दारे उघडतात. रात्री कोणी चारी फोडतो, कोणी नळी टाकतो. पाटकरी एकटा, चाऱ्या मैलोगणती. पाणी खाली येईतो आवर्तन संपलेले असते. कागदावर आपण बागायतदार. शेतात मात्र आभाळाकडे डोळे.

पूर्वीची पद्धतही अशी होती की, शेपटाच्या माणसाने करावे तरी काय? सात नंबरचा फॉर्म भरायचा, पिकाप्रमाणे आणि क्षेत्राप्रमाणे पट्टी द्यायची, आणि पाण्याची वाट पाहायची. पाणी किती मिळाले याची मोजदाद नाही. दोन तास भिजवणारा आणि रात्रभर पाट लावून झोपी जाणारा यांची पट्टी सारखीच. मग काटकसर कोणी आणि कशासाठी करावी?

तीन संस्था उभ्या राहिल्या

ओझरला समाज परिवर्तन केंद्र नावाची संस्था काम करीत होती. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ही तिच्यातील पुढाकार घेणारी माणसे. त्यांनी शेतकऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडण्याऐवजी वेगळाच विचार मांडला. पाणी मिळत नाही म्हणून मोर्चा काढता येईल. मोर्चा काढला की एखादे आवर्तन पदरात पडेलही. पण पुढच्या वर्षी पुन्हा मोर्चा. त्यापेक्षा आपल्या वाट्याचे पाणी खात्याकडून एकगठ्ठा मोजून घ्यावे आणि पुढची वाटणी आपली आपण करावी.

१९९०-९१ च्या सुमारास ओझरच्या शिवारात तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर ही त्यांची नावे. त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. महाराष्ट्रात त्या आधी नगर जिल्ह्यात मुळा धरणाच्या लाभक्षेत्रात चांदे येथे दत्त संस्थेने असा प्रयोग सुरू केला होता. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. पण रुळलेलीही नव्हती.

हे काम सोपे होते असे समजू नका. प्रत्येक गावात असतात तशी माणसे येथेही असणारच. "सरकारचे काम आपण का अंगावर घ्यायचे?" असे विचारणारे, "उद्या पट्टी वाढवतील" असे भय घालणारे, आणि "आधी पाणी दाखवा, मग सभासद होतो" म्हणणारे. पण गाव करी ते राव न करी, ही म्हण येथे खरी ठरली.

पाणी मोजून, हिशेब उघड्यावर

या संस्थांचे चालणे कसे असते, ते नीट समजून घ्यावे, कारण खरे मर्म त्यातच आहे.

चारीच्या तोंडाशी पाणी मोजण्याची जागा असते. तेथे पट्टी लावलेली असते. पाण्याची उंची पट्टीवर वाचली की तासाला किती पाणी गेले ते तक्त्यावरून काढता येते. खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस दोघेही ते पाहतात. त्या मापावर संस्था खात्याला पैसे भरते. पुढे संस्था सभासदांना पाळीपाळीने पाणी देते आणि त्यांच्याकडून वसुली करते. पाटकरी संस्थेचा, सचिव संस्थेचा, दप्तर संस्थेचे.

यातून तीन गोष्टी घडतात. पहिली, पाणी मोजून विकत घेतले की त्याची किंमत कळते. चारी फुटली तर सरकारचे पाणी वाहून जात नाही, आपल्या संस्थेचे पैसे वाहून जातात. मग माणूस रात्री उठून बांध घालतो. दुसरी, कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी ठरवतो. वाट्याचे पाणी ठरलेले. त्यात गहू करा, कांदा करा, नाहीतर द्राक्षबाग जगवा. तिसरी, हिशेब गावातच असतो. कोणी किती तास घेतले, कोणाची पट्टी थकली, हे जाणून घ्यायला तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत.

ओझरकरांनी याच्याही पुढे एक पाऊल टाकले. त्यांच्या शिवारात विहिरी पुष्कळ. कालव्याचे पाणी त्यांनी नुसते शेतात न सोडता बाणगंगेवरच्या आणि ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांतही सोडले. बंधाऱ्यात थांबलेले पाणी मुरले, आजूबाजूच्या विहिरींना पाझर वाढले. उघड्या पाटाने उन्हात पाणी वाहून नेण्यापेक्षा ते जमिनीच्या पोटात ठेवणे शहाणपणाचे ठरले. पुढे ठिबक आले, तेव्हा या विहिरीच द्राक्षबागांचा आधार झाल्या.

आता गंमत पाहा. विहीर माझी, मोटर माझी, वीजबिल माझे. मग पाण्याची पट्टी संस्थेला का द्यायची, असा प्रश्न कोणीही विचारील. पण विहिरीत आलेले पाणी संस्थेने विकत घेऊन बंधाऱ्यात सोडलेले आहे, हे जेव्हा सगळ्या सभासदांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, तेव्हा विहिरीवरची पट्टीही ठरवता येते. असा निर्णय साहेबाने वरून हुकूम काढून घेतला असता तर गावात भांडणे झाली असती. सभेत बसून आपण ठरवला म्हणून तो चालला. अधिकार हाती आला की माणूस जबाबदारीही घेतो, ती अशी.

शेपटापासून धरणापर्यंत

ओझरचे पाहून वरच्या गावांतही संस्था झाल्या. हळूहळू वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात मिळून चोवीस पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पाच्या पातळीवर एक संस्था झाली. संपूर्ण धरणाच्या सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थेने पाहण्याचे वाघाड हे महाराष्ट्रातले पहिले उदाहरण मानले जाते. शेपटाला उगवलेले झाड वाढत वाढत असे माथ्यापर्यंत गेले.

२००५ साली राज्याने 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम' हा कायदा केला. ओझरसारख्या ठिकाणच्या अनुभवाची शिदोरी त्यामागे होती. कायद्यात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. संचालक मंडळावर चारीच्या माथ्याचे, मधले आणि शेपटाचे असे तिन्ही भागांतले सभासद घ्यावे लागतात, महिलांसाठी जागा राखीव असतात, आणि अध्यक्षपद या तीन भागांत पाळीपाळीने फिरते. ज्याच्याकडे पाणी शेवटी पोचते त्याच्याही हाती कारभार यावा, असा त्यामागचा विचार.

सगळे गोडच सांगितले तर ते खोटे ठरेल. कायदा झाल्यावर राज्यात पाणीवापर संस्था पुष्कळ नोंदल्या गेल्या. पण त्यांतल्या कित्येक कागदावरच राहिल्या. चाऱ्या मोडक्या, मोजण्याची जागा नाही, पट्टी थकलेली, सभा होत नाही. ठसा आला, बोर्ड लागला, म्हणजे संस्था झाली असे नव्हे. शिवाय पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीवर असते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही अशा मजुराला तेथे मत नाही, हेही विसरता येणार नाही.

आणखी एक बाजू आहे. ओझर वाघाडच्या शेपटाला असले तरी गोदावरीच्या खोऱ्यात ते माथ्याकडे आहे. खाली जायकवाडी आहे, मराठवाडा आहे. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा आदेश जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिला आणि २०१६ साली उच्च न्यायालयानेही ती भूमिका उचलून धरली. त्यावर नाशिककडे नाराजी होती आणि आहे. पण आपल्या चारीवर शेपटाचा हक्क ज्यांनी मागितला, त्यांना खोऱ्याच्या शेपटाचे दुःख इतरांपेक्षा लवकर उमगायला हवे. माथा आणि शेपूट ही कायमची नावे नाहीत. कोठे उभे राहून पाहतो त्यावर ती ठरतात.

आठ पायऱ्यांची शिडी

शेरी अर्नस्टाइन नावाच्या एका अमेरिकन बाई होत्या. त्यांच्या देशात शहरसुधारणेच्या सरकारी योजना चालत. गरीब वस्त्यांत सभा भरत, समित्या होत, आणि शेवटी ठरायचे ते आधीच ठरलेले असायचे. ते जवळून पाहून १९६९ साली त्यांनी लोकसहभागाची एक शिडी मांडली. तिला पायऱ्या आठ.

तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग मुळी नसतोच. एकीवर लोकांना हवे तसे फिरवतात, दुसरीवर त्यांची समजूत काढतात. त्यावरच्या तीन पायऱ्या देखाव्याच्या: माहिती देणे, मत विचारणे, आणि एखाद्या समितीत खुर्ची देऊन शांत करणे. येथे लोक बोलतात, पण त्यांचे ऐकलेच पाहिजे असे बंधन कोणावर नसते. वरच्या तीन पायऱ्या खऱ्या: सहावीवर भागीदारी, सातवीवर अधिकार सोपवून देणे, आणि आठवीवर लोकांचा आपला कारभार.

ही शिडी आपण चारीला लावून पाहू. साहेब येऊन आवर्तनाची तारीख सांगतात, ती तिसरी पायरी. "कधी पाणी सोडू?" असे विचारतात, ती चौथी. सल्लागार समितीत गावच्या एका पुढाऱ्याला घेतात, ती पाचवी. आणि चारीच्या दाराची किल्ली, मोजण्याची पट्टी व पैशाची वही संस्थेच्या हाती येते, ती सातवी. धरण सरकारचेच असते, पाण्याचा कोटाही सरकारच ठरवते, म्हणून आठवी नव्हे. पण चौथी आणि सातवी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

स्मार्ट शहराची गोष्ट

आता नाशिक शहराकडे वळू. "आम्हा खेडुतांना शहराशी काय करायचे?" असे म्हणू नका. शहर वाढते ते शेतावरच वाढते.

केंद्र सरकारने जून २०१५ मध्ये 'स्मार्ट सिटी' मोहीम सुरू केली. देशातली शंभर शहरे निवडायची आणि त्यांना सुधारायचे. केंद्राने प्रत्येक शहरासाठी पाच वर्षांत पाचशे कोटी रुपयांपर्यंत द्यायचे, तेवढाच वाटा राज्याने व पालिकेने मिळून घालायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकची निवड झाली. मोहीम ३१ मार्च २०२५ रोजी संपली.

शहरे निवडताना नागरिकांची मते घेण्याला गुण होते. त्यामुळे सगळ्याच शहरांनी मते घेतली. सभा झाल्या, फॉर्म भरून घेतले, मोबाइलवर मते नोंदवली गेली. अर्नस्टाइन बाईंच्या शिडीवर ही चौथी पायरी. पण पैसा खर्च करण्यासाठी प्रत्येक शहरात एक वेगळी कंपनी स्थापण्यात आली. तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका यांचे भाग निम्मे-निम्मे. संचालक मंडळावर अधिकारी, आणि पालिकेचे काही लोकप्रतिनिधी. कोणते काम आधी, कोणते मागून, ठेका कोणाला, हे ठरायचे कंपनीच्या बैठकीत. ज्याला आपण मत दिले तो नगरसेवक वॉर्डात भेटतो, त्याला जाब विचारता येतो. कंपनीचा संचालक आपल्या दारावरून कधी जाणार?

म्हणजे मत विचारले लोकांना, आणि किल्ली राहिली कंपनीकडे.

याची कसोटी लागली ती मखमलाबाद आणि हनुमानवाडी येथे. ही शिवारे महापालिकेच्या हद्दीत असली तरी तेथे शेती चालू होती. तेथील सातशे एकरांहून अधिक जमिनीवर नवे आखीव शहर वसवायची योजना स्मार्ट सिटीत होती. रीत नगररचना परियोजनेची, लोक तिला टीपी स्कीम म्हणतात. सर्वांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा-सोयींसाठी काही भाग काढायचा, आणि मालकाला उरलेला हिस्सा विकसित भूखंड म्हणून परत द्यायचा. भूसंपादनापेक्षा ही रीत बरी, असे सांगणारे आहेत; आणि हिशेबाने ते सर्वस्वी चूकही नाही.

पण शेतकऱ्यांचे प्रश्न साधे होते. परत मिळणार किती? नेमका कोठे? तोवर शेती करायची की नाही? विहीर, बाग, पाइपलाइन यांचे काय? काही जण अनुकूल होते, पण पुष्कळांनी विरोध केला. वर्षानुवर्षे वाद चालला आणि शेवटी ती योजना प्रत्यक्षात उतरलीच नाही.

कोणी म्हणेल, शेतकरी जिंकले. कोणी म्हणेल, शहराचा विकास अडला. माझ्या मते दोन्ही अपुरे. येथे शेतकऱ्यांच्या हाती एकच शक्ती होती, 'नाही' म्हणण्याची. ती मोठी शक्ती आहे. ती नसती तर त्यांचे काहीच चालले नसते. परंतु 'नाही' म्हणून योजना थांबवता येते, गाव उभे करता येत नाही. नकाशा काढतानाच त्यांना शेजारी बसवले असते, हिशेबाची वही त्यांच्यापुढे उघडली असती, तर कदाचित काही वेगळे घडले असते. ओझरचे शेतकरी आणि मखमलाबादचे शेतकरी एकाच मातीचे आणि एकाच द्राक्षाच्या वेलीचे. फरक माणसांत नव्हता; किल्ली कोणाकडे होती, यात होता.

आपले शहर आपण

शेतकऱ्यांनी शहर उभे केल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. पुण्याजवळ हडपसरला मगर घराण्यातली सुमारे १२० कुटुंबे आणि त्यांची मिळून सुमारे ४०० एकर जमीन. शहर अंगावर येताना दिसत होते. एकेकट्याने जमीन विकली असती तर पैसा आला असता आणि गेलाही असता. सतीश मगर यांच्या पुढाकाराने कुटुंबे एकत्र आली, जमीन न विकता त्यांनी कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे भाग असे ठरवले. २००० सालापासून तेथे मगरपट्टा हे नगर उभे राहू लागले. घरातल्या तरुणांनी बांधकामाशी निगडित धंदे शिकून तेथेच कामे घेतली.

येथेही उणे आहेच. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांना भागही नव्हता. सगळे एका घराण्याचे, शहाणे पुढारपण लाभलेले. असा योग सर्वत्र येत नाही. तरी धडा मोलाचा आहे. मखमलाबादला होती नाकारण्याची शक्ती, ओझरला चालवण्याची, आणि मगरपट्ट्यात मालकीची.

गाव वाढले, ग्रामसभा गेली

आता पुन्हा ओझरला येऊ, कारण एक नवा प्रश्न तेथेच उभा आहे. वस्ती वाढत गेली आणि ओझरची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. शेजारच्या पिंपळगाव बसवंतचेही तसेच. रस्ते, दिवे, गटारे यांसाठी जास्त पैसा येईल, ही आशा खोटी नाही. पण गावाला नगर म्हटले की एक गोष्ट गुपचूप निघून जाते. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यात मतदार यादीतला कोणीही माणूस उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. आपण तेथे जात नाही, गेलो तर मागे उभे राहतो, ही गोष्ट वेगळी. पण तो हक्क आहे. नगरपरिषदेत ठराव करतात ते निवडून आलेले सदस्य. नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात झालेली आहे, परंतु बहुतेक ठिकाणी ती पुस्तकातच आहे. ज्या गावच्या शेतकऱ्यांनी धरणाचा कारभार हाती घेऊन दाखवला, त्या गावच्या नागरिकांनी क्षेत्रसभा मागून घ्यावी आणि ती चालवून दाखवावी, याहून शोभणारी गोष्ट कोणती?

पांढरी गाडी आली तर

आपल्या गावावर अशी वेळ आज ना उद्या येईल. कोणाकडे वळणरस्ता येईल, कोणाकडे विकास आराखडा, कोणाकडे टीपी स्कीम. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा पुढील गोष्टी आधीच ध्यानात ठेवाव्यात.

• हजेरीची सही आणि संमतीची सही वेगळी. कागदाचा मथळा वाचल्याशिवाय, आणि वरची कोरी जागा रेघ मारून बंद केल्याशिवाय सही करू नये. शक्य तर मोबाइलवर कागदाचा फोटो घ्यावा.

• मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत सुरू होते. नगररचना परियोजनेच्या मसुद्याला ती तीस दिवसांची असते. तोंडी तक्रार हवेत जाते. लेखी द्यावी, पोच घ्यावी.

• नकाशा मराठीत आणि गट नंबरासह मागावा. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. दहा रुपयांच्या अर्जाने पुष्कळ कुलुपे उघडतात.

• चार प्रश्न भर सभेत विचारावेत. निर्णय कोण घेणार? पैसे कोणाच्या सहीने खर्च होणार? आमचे म्हणणे मान्य झाले नाही तर कारण लेखी मिळणार का? आणि काम झाल्यावर त्याचा कारभार कोणाकडे राहणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर गोलमाल आले तर समजावे की आपण चौथ्या पायरीवरच आहोत.

• एकेकट्याने कचेरीत जाऊ नये. दहा घरांनी मिळून जावे, आणि त्यात शेपटाचे घर, म्हणजे सर्वांत गरिबाचे घर, असावे.

सातबारावर तिचे नाव

शेवटची गोष्ट मायबहिणींसाठी, आणि खरे तर त्यांच्या घरधन्यांसाठी. वर सांगितलेले बहुतेक अधिकार सातबारावरच्या नावाशी बांधलेले आहेत. पाणीवापर संस्थेत सभासदत्व जमीनधारकाला, टीपी स्कीममध्ये भूखंड मालकाला. शेतात निंदणी-खुरपणी करणारी, रात्री पाण्याची पाळी आली तर कंदील घेऊन बांधावर उभी राहणारी बाई मात्र कागदावर नसते. १९८६ साली ओझरपासून जवळच चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते काम अजून अर्धेच आहे. संचालक मंडळात महिलांची जागा राखीव असून उपयोग काय, जर सभासदांच्या यादीत नावे पुरुषांचीच असतील?

गावाने सरकारकडे अधिकार मागावा, हे रास्त आहे. पण मागण्यापूर्वी आपल्या घरातल्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हेही एकदा पाहावे. जो घरात वाटून घेतो, त्याला चारीवर वाटून घेणे जड जात नाही.

ओझरच्या शेतकऱ्यांनी केले ते काही जगावेगळे नव्हते. त्यांनी पाणी मोजले, वही उघडी ठेवली, शेपटाच्या माणसाला पुढे बसवले, आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता कारभार मागून घेतला. एवढे चार गुण ज्या गावात असतील त्या गावापुढे कोणतीही पांढरी गाडी आली, तरी तिला चहा जरूर पाजावा. सही मात्र वाचून करावी.